अंकी आणि अक्षरी : इंग्रजी संख्यांचे वाचन व लेखन

बोलण्यात एखादा शब्द मागेपुढे झाला तरी संदर्भावरून आशय सावरून घेता येतो. आकड्याला ही सवलत नसते. पस्तीसच्या जागी त्रेपन्न लिहिले गेले तर वाक्य शुद्धच राहते, वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. बदलतो तो मात्र हिशेब.

दादर स्थानकाचे उदाहरण मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांचे फलाट येथे शेजारीशेजारी आहेत आणि दोन्हींकडील क्रमांक पूर्वी एकपासूनच सुरू होत. साहजिकच 'एक नंबरचा फलाट' विचारणाऱ्या नवख्या प्रवाशाला दोन निरनिराळी उत्तरे मिळू शकत. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेकडे १ ते ७ आणि मध्य रेल्वेकडे ८ ते १४ असे सलग क्रमांक देण्यात आले आणि हा घोटाळा संपला. पूर्वीचे क्रमांक चुकीचे नव्हते. परंतु सांगणारा आणि ऐकणारा यांच्या मनात एकाच आकड्याचे दोन अर्थ होते.

मराठी आणि इंग्रजी या दोन भाषांतून एकाच वेळी संख्यांचा व्यवहार करणाऱ्या समाजात असा घोटाळा पदोपदी संभवतो. घरात मराठी, वर्गात इंग्रजी, कार्यालयात दोन्ही, अशी आज राज्यातील असंख्य कुटुंबांची स्थिती आहे. यास्तव इंग्रजीत संख्या कशी वाचावी, कशी लिहावी आणि मराठी रीतीहून ती कोठे वेगळी आहे, याची व्यवस्थित ओळख शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि शासकीय कर्मचारी या सर्वांना असणे अगत्याचे आहे.

गिरगाव ते गिरणगाव

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. १८४० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद रंगला. मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. सर्वसामान्यांचे शिक्षण देशी भाषेतूनच झाले पाहिजे, असा आग्रह गिरगावातील नाना शंकरशेट यांनी धरला. मराठीतून गणिताची पुस्तके तयार करणारे जॉर्ज जर्व्हिस हेही याच पक्षाचे होते. वरचे ज्ञान इंग्रजीत आणि रोजचा हिशेब मराठीत, ही विभागणी तेव्हापासून मुंबईच्या अंगवळणी पडली.

पुढे कावसजी दावर यांच्या ताडदेव येथील गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि काही दशकांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा भाग गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. कोकण आणि देशावरून आलेल्या कामगाराला येथे इंग्रजी आकड्यांशी सामना करावा लागला. सुताचा बारीकपणाही इंग्रजी मापाने मोजला जाई. चाळीस नंबरचे सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या चाळीस लडी भरतील असे सूत. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक, ही गोष्ट अक्षरओळख नसलेला कामगारही अनुभवाने जाणत असे. परंतु अनुभवाने जाणलेला आकडा कागदावर वाचता येणे ही वेगळी विद्या होती. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालविली, त्यामागे ही गरज होती.

गिरण्या आज राहिल्या नाहीत. त्या कामगारांची नातवंडे परळ, दादर, गिरगावातील मराठी शाळांत 'सेमी इंग्रजी' पद्धतीने शिकतात, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून. आजी घरी 'पंचवीस' म्हणते आणि बाई वर्गात 'ट्वेंटी-फाइव्ह' म्हणतात. राज्यातील तालुक्याच्या गावीही आता हे चित्र दिसते.

आधी एकक की आधी दशक?

मराठी आणि इंग्रजी संख्यानामांतील मुख्य भेद क्रमाचा आहे. मराठीत एकवीसपासून पुढे एकक आधी उच्चारले जाते आणि दशक नंतर. 'पंचवीस' या शब्दात पाच आधी आहेत, वीस नंतर. लिहिताना मात्र आधी दोन आणि मग पाच लिहावे लागतात. म्हणजे कान एका दिशेने चालतो आणि हात दुसऱ्या दिशेने. इंग्रजीत 'ट्वेंटी-फाइव्ह' म्हणताना वीस आधी आणि पाच नंतर, ज्या क्रमाने ऐकावे त्याच क्रमाने लिहावे. 'त्रेपन्न' ऐकून ३५ लिहिणाऱ्या मुलाला गणित येत नाही असे समजणे म्हणूनच अन्यायाचे ठरते. त्याने ऐकले तसे लिहिले, एवढेच.

मराठीतील दुसरी अडचण 'एकोण' या शब्दाची. एकोण म्हणजे एकाने उणे. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, अर्थात ५९. येथे उच्चारात साठ आणि लेखनात पन्नाशी असा पेच पडतो. एकोणीस ते एकोणनव्वद हा नियम टिकतो आणि नव्याण्णवला मोडतो. इंग्रजीत ५९ म्हणजे सरळ 'फिफ्टी-नाइन'. स्थानकावर ९ वाजून ५९ मिनिटांच्या गाडीची घोषणा दोन्ही भाषांत ऐकणाऱ्या मुलाला एकदा साठ आणि एकदा पन्नास ऐकू येते.

इंग्रजीही सर्वत्र सरळ नाही. 'थर्टीन'पासून 'नाइन्टीन'पर्यंत तीही एकक आधी सांगते. 'फोर्टीन' म्हणजे चार आणि दहा. वीस ओलांडल्यावर क्रम उलटतो. यातून 'फोर्टीन' आणि 'फोर्टी', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' या जोड्यांचा नित्याचा गोंधळ होतो. 'टीन' असलेल्या शब्दात शेवटचा भाग लांबवून व जोर देऊन उच्चारावा आणि 'टी' असलेल्या शब्दात पहिल्या भागावर जोर द्यावा, एवढी सवय लावली की बहुतेक चुका टळतात. दूरध्वनीवर रक्कम सांगताना तर 'फिफ्टीन, वन फाइव्ह' असे सुटे अंकही सांगावेत.

या क्रमाच्या प्रश्नावर महाराष्ट्रात २०१९ मध्ये मोठी चर्चा झाली. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात प्रचलित नावांबरोबरच 'वीस एक', 'वीस दोन' अशी दशक आधी सांगणारी नावे देण्यात आली. जोडाक्षरांनी भरलेली नावे लहान मुलांना जड जातात आणि उच्चार व लेखन यांचा क्रम एक असावा, अशी भूमिका गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी मांडली. 'एकवीस', 'बावीस' हे शब्द म्हणी, पाढे आणि व्यवहार यांत रुजलेले आहेत, ते तोडू नयेत, असा आक्षेप अनेकांनी घेतला. विधिमंडळातही हा विषय गाजला. दोन्ही बाजूंना तथ्य होते. पुस्तकातील योजना कोणाला रुचो वा न रुचो, मुलाची अडचण खरी आहे हे या चर्चेने सर्वांसमोर आणले.

जगातही हा प्रश्न इतरांना पडला आहे. जर्मन भाषा मराठीप्रमाणे एकक आधी सांगते. शेजारची कन्नड इंग्रजीप्रमाणे दशक आधी सांगते. 'इप्पत्तोंदु' म्हणजे वीस आणि एक. नॉर्वेमध्ये जुनी रीत एकक आधी सांगण्याची होती. दूरध्वनीवर क्रमांक सांगताना चुका होऊ लागल्या, तेव्हा तेथील संसदेच्या निर्णयाने १ जुलै १९५१ पासून शाळा व शासकीय व्यवहारांत दशक आधी सांगण्याची रीत लागू झाली. तथापि जुनी रीत लोकांच्या बोलण्यातून आजही पूर्णपणे गेलेली नाही. भाषेची सवय आदेशाने एका दिवसात बदलत नाही, हा बोध यातून घेण्यासारखा आहे. तोपर्यंत दोन्ही रीती मुलांना डोळसपणे शिकविणे हाच मार्ग उरतो.

अंकांची चिन्हे

नावांप्रमाणे चिन्हेही दोन आहेत. देवनागरी १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो; देवनागरी ४ हा इंग्रजी आठसारखा. एकाच अर्जात, किंबहुना एकाच संख्येत, दोन्ही लिप्यांचे अंक मिसळले तर वाचणाऱ्याने कोणता अर्थ घ्यावा? मुंबईत बेस्टच्या बसगाड्यांवर अनेक वर्षे समोरच्या पाटीवर मार्गक्रमांक देवनागरीत आणि बाजूच्या पाटीवर इंग्रजी अंकांत असे. परप्रांतातून आलेला मनुष्य समोरची पाटी वाचायला शिकला की तो मुंबईत रुळला असे समजले जाई. बसवर दोन पाट्या लावता येतात. अर्जातील रकाना मात्र एकच असतो.

संविधान सभेत राजभाषेवर चर्चा झाली तेव्हा अंकांच्या चिन्हांवरून तीव्र मतभेद झाले. अखेर १४ सप्टेंबर १९४९ रोजी मुन्शी–अय्यंगार सूत्र म्हणून ओळखली जाणारी तडजोड मान्य झाली. तिचे एक शिल्पकार कन्हैयालाल मुन्शी हे मुंबईचे; गिरगाव चौपाटीजवळचे भारतीय विद्या भवन ही त्यांनीच १९३८ मध्ये स्थापन केलेली संस्था. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ नुसार संघराज्याच्या शासकीय कामकाजासाठी 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' स्वीकारण्यात आले. ज्यांना आपण इंग्रजी अंक म्हणतो ते मुळात भारतातूनच अरबांमार्फत युरोपात गेले, ही जाणीव या शब्दरचनेत आहे. राज्याच्या मराठी कामकाजात देवनागरी अंक रूढ आहेत, आणि २०१६ पासून निघालेल्या नव्या नोटांवर दोन्ही रूपे दिसतात. 'छत्तीसचा आकडा' हा वाक्प्रचार ३६ मधील पाठ फिरवून बसलेल्या तीन आणि सहा यांवरून आला, तेव्हा ही चिन्हे भाषेतही मुरलेली आहेत. नियम एवढाच पाळावा की एका कागदावर एकाच रूपाचे अंक असावेत.

लाख, कोटी आणि मिलियन

मोठ्या संख्यांत खरा भेद गट पाडण्याचा आहे. आपल्याकडे उजवीकडून पहिला स्वल्पविराम तीन अंकांनंतर आणि पुढचे दोन-दोन अंकांनंतर येतात. आंतरराष्ट्रीय रीतीत प्रत्येक स्वल्पविराम तीन अंकांनंतरच येतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. हीच संख्या दुसऱ्या रीतीने ११२,३७४,३३३ अशी लिहिली जाते. भारतीय इंग्रजीत ती 'इलेव्हन क्रोर ट्वेंटी-थ्री लॅक सेव्हन्टी-फोर थाउजंड थ्री हंड्रेड अँड थर्टी-थ्री' अशी वाचावी. परदेशी वाचकासाठी ती 'वन हंड्रेड अँड ट्वेल्व्ह मिलियन, थ्री हंड्रेड अँड सेव्हन्टी-फोर थाउजंड, थ्री हंड्रेड अँड थर्टी-थ्री' अशी होते. दोन्ही वाचने शुद्ध आहेत. मात्र स्वल्पविराम एका रीतीचे आणि वाचन दुसऱ्या रीतीचे करू नये.

रूपांतरासाठी चार गोष्टी पाठ असल्या की पुरे. दहा लाख म्हणजे एक मिलियन. एक कोटी म्हणजे दहा मिलियन. शंभर कोटी म्हणजे एक अब्ज, अर्थात एक बिलियन. आणि एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन. एकं, दहं, शतं म्हणत वाढलेल्या पिढीला मिलियन हा शब्द परका वाटला तरी त्याची जागा परकी नाही. ते आपले 'दशलक्ष' स्थान होय. बिलियनबाबत एक सावधगिरी हवी. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे दहा लाख दशलक्ष मानले जाई. १९७४ मध्ये तेथील सरकारने हजार दशलक्ष हा अर्थ स्वीकारला. जुनी इंग्रजी पुस्तके वाचताना हे ध्यानात ठेवावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. मराठीत 'अडीच लाख' हे दोन शब्द पुरतात. भारतीय इंग्रजीत ते 'टू अँड अ हाफ लॅक' होते. परदेशातील वाचकाला 'टू हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड' किंवा 'अ क्वार्टर ऑफ अ मिलियन' असे सांगावे लागते. तेथे 'लॅक' हा शब्दच कळत नाही, हे परदेशी संस्थेकडे अहवाल पाठविताना विसरू नये.

पाण्याच्या हिशेबात दोन्ही रीती मिसळलेल्या दिसतात. धरणाचा साठा टीएमसीत सांगतात. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, अर्थात एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर अशी दिली जाते. 'चौदा लाख सत्तेचाळीस हजार दशलक्ष' हा उल्लेख लाख आणि मिलियन यांचा संकर आहे. कोटीत सांगायचे तर ते सुमारे १,४४,७३६ कोटी लिटर होतात. ग्रामसभेत आकडा सांगताना ऐकणाऱ्यांना उमजेल असे एकच माप घ्यावे.

वाचन-लेखनाचे साधे नियम

एकवीस ते नव्याण्णव या संख्या इंग्रजीत अक्षरी लिहिताना दशक आणि एकक यांच्यामध्ये लहान आडवी रेघ द्यावी. शंभरानंतर उरलेली संख्या 'अँड' या शब्दाने जोडावी. ३०५ म्हणजे 'थ्री हंड्रेड अँड फाइव्ह'. 'हंड्रेड' आणि 'थाउजंड' या शब्दांच्या आधी निश्चित संख्या असेल तर त्यांचे अनेकवचन होत नाही. 'फाइव्ह हंड्रेड रुपीज' म्हणावे, 'फाइव्ह हंड्रेड्स' नव्हे. वाक्याचा आरंभ आकड्याने करू नये, तेथे संख्या अक्षरांत लिहावी.

वर्णलेखनात काही ठिकाणे नेहमी चुकतात. 'फोर' आणि 'फोर्टीन' यांत येणारे यू हे अक्षर 'फोर्टी'त गळते. 'नाइन'मधील शेवटचे ई 'नाइन्टी'त टिकते, परंतु नववा या अर्थाच्या 'नाइन्थ'मध्ये राहत नाही. 'एटी' आणि 'एट्थ' यांत टी हे अक्षर एकदाच येते. बारावा म्हणजे 'ट्वेल्फ्थ'. येथे मूळ शब्दातील व्ही जाऊन एफ येतो. क्रमवाचक शब्दांत पहिले तीन वेगळे आहेत, 'फर्स्ट', 'सेकंड', 'थर्ड'; पुढे 'थ' लागतो. हे तीन शब्द वीसनंतर पुन्हा येतात, म्हणून एकविसावा म्हणजे 'ट्वेंटी-फर्स्ट'.

तारीख सांगताना मराठीत 'दोन ऑक्टोबर' म्हणतात. इंग्रजीत 'सेकंड ऑक्टोबर' किंवा 'सेकंड ऑफ ऑक्टोबर' म्हणावे. सन सांगताना इंग्रजी चार अंकांचे दोन भाग करते; १९८२ म्हणजे 'नाइन्टीन एटी-टू', १९०५ म्हणजे 'नाइन्टीन ओ फाइव्ह'. २००५ हे 'टू थाउजंड अँड फाइव्ह' असे वाचतात आणि २०२५ हे 'ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह' असे. अमेरिकेत महिना आधी लिहितात. त्यामुळे ५-८ ही तारीख आपल्याकडे पाच ऑगस्ट आणि तेथे आठ मे ठरते. परदेशी पत्रव्यवहारात महिन्याचे नाव अक्षरांत लिहिणे हाच सुरक्षित उपाय होय.

ओळखीसाठी असलेले क्रमांक मात्र संख्या म्हणून वाचायचेच नसतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिन कोड योजना टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. गिरगाव ४००००४, परळ ४०००१२ आणि दादर ४०००१४ या क्रमांकांत शेवटचे आकडे जुन्या 'मुंबई ४', 'मुंबई १२', 'मुंबई १४' या टपाल विभागांचे आहेत. दादरचा क्रमांक 'चार लाख चौदा' असा कोणी वाचत नाही. तो 'फोर झीरो झीरो, झीरो वन फोर' असा तीन-तीन अंकांच्या गटांत वाचावा. 'डबल' आणि 'ट्रिपल' हे शब्द आपल्याकडे चालतात. परंतु शून्ये अनेक असतील तेथे ते टाळलेले बरे. मराठी बोलणारी माणसेही दूरध्वनी क्रमांक इंग्रजीत का सांगतात, याचे कारण येथे मिळते. दोन-दोन अंकांच्या जोड्या मराठीत सांगितल्या तर लिहिणाऱ्याला प्रत्येक जोडी मनात उलटवावी लागते. 'नऊ, आठ, दोन, शून्य' असे सुटे अंक सांगितले तर मराठीतही ही अडचण राहत नाही.

सव्वा, दीड आणि दशांश चिन्ह

अपूर्णांकांत मराठी इंग्रजीपेक्षा संपन्न आहे. पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच अशी स्वतंत्र नावे इंग्रजीत नाहीत. जुन्या शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दीडकी आणि साडेतीनची औटकी पाठ करून घेत. या शब्दांचे शब्दशः भाषांतर मात्र करू नये. सव्वाशे म्हणजे 'वन हंड्रेड अँड ट्वेंटी-फाइव्ह', दीडशे म्हणजे 'वन हंड्रेड अँड फिफ्टी', पावणेदोनशे म्हणजे 'वन हंड्रेड अँड सेव्हन्टी-फाइव्ह'. पावणेदोनमध्ये दोन ऐकू येतात आणि असतात दोनहून कमी, हे मुलाला नोटा-नाण्यांनी दाखवून द्यावे.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे किंवा १९२ पै होत. व्यवहार शंभराच्या भागांवर आला आणि दशांश चिन्ह सर्वांच्या वाट्याला आले. इंग्रजीत या चिन्हास 'पॉइंट' म्हणतात आणि त्यापुढील अंक एकेक करून वाचतात. ३.१४ म्हणजे 'थ्री पॉइंट वन फोर'. 'थ्री पॉइंट फोर्टीन' असे वाचणारा विद्यार्थी ३.१४ ही संख्या ३.५ पेक्षा मोठी मानतो, कारण चौदा पाचाहून मोठे. चुकीचे वाचन येथे चुकीचे गणित शिकविते. रुपये-पैसे मात्र याला अपवाद आहेत. तेथे 'थ्री रुपीज अँड फोर्टीन पैसे' हेच योग्य.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते. ०.५० हेक्टर म्हणजे ५० आर आणि ०.०५ हेक्टर म्हणजे ५ आर. एका शून्याच्या चुकीने ४५ आर, म्हणजे एकराहून अधिक जमीन, कागदावर इकडची तिकडे होते. परळच्या मोठ्या रुग्णालयांत राज्याच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात आणि इंग्रजी आकड्यांचे कागद घेऊन गावी परततात. तेथे ही बाब अधिक गंभीर आहे. औषधाची मात्रा लिहिताना दशांश चिन्हापूर्वी शून्य अवश्य द्यावे, म्हणजे ०.५ हे ५ वाचले जाणार नाही. आणि पूर्ण संख्येपुढे चिन्ह व शून्य देऊ नये, म्हणजे ५.० हे ५० वाचले जाणार नाही. हा दंडक वैद्यकीय व्यवसायात मान्य आहे. गावातील आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्त्या यांनाही तो ठाऊक असावा.

अक्षरांचे वजन

रक्कम अंकांत आणि अक्षरांत अशी दोनदा लिहिण्याचा प्रघात औपचारिक नाही. अंकात एक टिंब वा एक शून्य सहज घुसविता येते. अक्षरांत तसे करणे कठीण. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार, अंकी आणि अक्षरी रकमेत फरक पडल्यास अक्षरी रक्कमच देय मानली जाते. प्रत्यक्षात अशी तफावत असलेला धनादेश बँक बहुधा परत करते आणि ज्याला पैसे मिळायचे त्याला हेलपाटा पडतो. म्हणून रकमेपुढे तिरकी रेघ व आडवी रेघ, आणि अक्षरी रकमेनंतर मराठीत 'फक्त' किंवा इंग्रजीत 'ओन्ली' लिहून जागा बंद करावी.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख अंकी व अक्षरी लिहितात. ही नोंद पुढे आयुष्यभर सोबत राहते. नोकरी, निवृत्तिवेतन, पारपत्र या सर्वांचा आधार तीच. मराठी नोंदीचे इंग्रजी दाखल्यात रूपांतर करताना एकोणसत्तरचे 'सिक्स्टी-नाइन' होण्याऐवजी 'सेव्हन्टी-नाइन' झाले, तर त्या व्यक्तीचे वय कागदावर दहा वर्षांनी कमी होते आणि दुरुस्तीसाठी तिला कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. नोंद करणाऱ्याला ही चूक टाळण्यास एक मिनिट लागते. अक्षरी नोंद पूर्ण झाल्यावर ती मोठ्याने वाचावी आणि ऐकणाऱ्याने तिच्यावरून अंक लिहावेत. दोन्ही जुळले तरच स्वाक्षरी करावी.

शाळेतही हाच मार्ग उपयोगी पडेल. आठवड्यातून एकदा शिक्षकांनी दहा संख्या मराठीत सांगाव्यात आणि मुलांनी त्या इंग्रजी अक्षरांत लिहाव्यात. पुढच्या वेळी उलट करावे. पस्तीस–त्रेपन्न, एकोणसाठ–एकोणसत्तर, फोर्टीन–फोर्टी या जोड्या मुद्दाम घ्याव्यात. ज्याचे चुकेल त्याने ऐकले काय आणि लिहिले काय, हे त्यालाच सांगू द्यावे. चूक गणिताची आहे की भाषेची, हे त्यातून शिक्षकाला कळते. ग्रामपंचायतीनेही वार्षिक अंदाजपत्रक वाचून दाखविताना प्रत्येक मोठी रक्कम आधी अंकी, मग अक्षरी सांगण्याचा पायंडा पाडावा. गावचा पैसा किती आला आणि कोठे गेला, हे सभेतील शेवटच्या माणसाला त्याच्या भाषेत कळले पाहिजे, आणि तोच आकडा तालुक्याच्या इंग्रजी तक्त्यात जसाच्या तसा उतरला पाहिजे.